फरशी धुणाऱ्या बाईची बोट

नेदरलँड्समधल्या उइटहॉर्न गावात एका ओळखीच्या घरी हळदीकुंकू होतं. तिथे एका बाईंनी मला विचारलं, "तुम्ही बोटीवर राहता ना? कसलं रोमँटिक." त्यांच्या हातात तिळाच्या वड्यांची बशी होती, म्हणून मी खरं उत्तर दिलं नाही. हसले आणि वडी घेतली. खरं उत्तर असं होतं, की आदल्याच दिवशी मी कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवून संडासाचा पंप उघडला होता आणि त्याच्या पात्यांना वेढलेला केसांचा, ओल्या टिश्यूंचा आणि आणखी कशाकशाचा गोळा चिमट्याने ओढून काढला होता.

जमिनीवरच्या घरात संडासात पाणी सोडलं की ते खाली जातं. बोटीतून ते वर न्यावं लागतं, कारण बोट खाली असते आणि शहराचं गटार वर, रस्त्याकडेला. मध्ये एक पंप असतो. तो सगळं दळतो आणि वर ढकलतो. दळताना काही अडकलं की त्याला हात घालणारं दुसरं कोणी नसतं.

बोट घ्यायचा विचार असणारे मराठी लोक मला फोन करतात. बरेचसे आइंडहोव्हनचे नाहीतर त्याच्या शेजारच्या बेस्ट नावाच्या गावातले, इंजिनिअर. बॅटरी किती क्षमतेची, सोलर पॅनेल किती बसतात, इंटरनेट कसं येतं, असं विचारतात. मी म्हणते, ते सगळं होतं हो. आधी मला सांगा, जेवायला आलेल्या पाहुण्यांना "संडासात टिश्यू टाकू नका" असं तोंडावर सांगायची तुमची तयारी आहे का? कढईतलं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतायची सवय आहे का? भाताची पेज, चहाचा चोथा कुठे टाकता? आणि तुमच्या घरी फरशी कशी पुसतात?

शेवटच्या प्रश्नाला ते हसतात. त्यात हसण्यासारखं काही नाही. त्या फरशीपायी माझं घर जायची वेळ आली होती.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुठेही सांगते, कुणी विचारलं नाही तरी. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते, आई कांड्या भरायची. दोन खोल्या, आणि कापसाचं पिंजण भांड्यात, अंथरुणात, भुवयांवर, सगळीकडे. त्यावर आईचा एकच इलाज होता, पाणी. दर शनिवारी सामान खाटेवर चढायचं, आई बादल्या ओतायची आणि खराट्याने सगळं पाणी मोरीकडे लोटायची. गरीब म्हटलं की घाणेरडे, असं लोक धरूनच चालतात. आमच्या वर्गशिक्षिका एकदा घरी आल्या होत्या, तेव्हा त्यांनी बसायच्या आधी खाली बघितलं. बघितलं आणि मग बसल्या. आई ती गोष्ट अजून सांगते. कुणाला पदकं मिळतात, आम्हाला ती फरशी होती.

मग इंजिनिअरिंग, मग युट्रेख्टला मास्टर्स, मग तिथेच नोकरी. सुरुवातीला चार जणांत एक स्वयंपाकघर असलेल्या घरात खोली होती. त्या स्वयंपाकघराने मला डच लोकांबद्दल कायमचं मत बनवून दिलं. भांडी फेसाच्या पाण्यात बुडवायची आणि फेस तसाच ठेवून फडक्याने पुसायची, खळबळायची नाहीत. त्याच फडक्याने टेबल. रस्त्यावरचे बूट घालून पलंगावर. मी माझं ताट-वाटी-पेला वेगळं ठेवलं होतं आणि वापरायच्या आधी ते पुन्हा धुवायचे. त्यांना वाटायचं मी धार्मिक आहे. मी धार्मिक नाही, मला किळस येते.

शहरात घर मिळेना, म्हणून बोट घेतली. चौदा मीटर लांब, पोलादी, माझ्यापेक्षा वयाने मोठी. सोबत लिगप्लाट्स, म्हणजे कालव्यात ती बांधून ठेवायची हक्काची जागा. बोट कुणीही विकत घेईल, ही जागा मिळत नाही. आणि विमा नसेल तर जागा राहत नाही. जागा गेली की बोट म्हणजे तरंगतं भंगार. आईने गल्लीत सांगितलं, "पोरीनं पाण्याकडंला फ्लॅट घेतलाय." मी दुरुस्ती केली नाही.

विकणारी एक म्हातारी बाई होती, चाळीस वर्षं त्याच बोटीवर राहिलेली. किल्ल्या देताना तिने मला गुडघ्यावर बसवलं आणि लाकडी फरशीतली झाकणं एकेक करून उघडून दाखवली, सहा होती. खाली हातभर खोल पोकळी, आणि तिच्या तळाशी बोटीचा पत्रा. त्या पोकळीला बिल्ज म्हणतात. बोट डुलू नये म्हणून तिथे वजनाला फुटपाथच्या सिमेंटच्या लाद्या रचलेल्या होत्या.

"दर आठवड्याला झाकणं उघडायची," ती म्हणाली. "ओलं दिसलं की स्पंजने टिपायचं. आणि मग दिवसभर उघडी ठेवायची. तिला श्वास घेऊ दे."

खालून जो श्वास वर आला तो डिझेलचा, गंजाचा आणि जुन्या ओल्या गोणपाटाचा होता. म्हातारीने तिथेच हात घातला, पत्रा चाचपला, हात पँटला पुसला आणि त्याच हाताने मला बिस्किट दिलं. मी ते खिशात ठेवलं आणि नंतर बदकांना टाकलं. मनात म्हटलं, चाळीस वर्षं या बाईने घाणीवर झाकण ठेवून संसार केला. मी माणसासारखी राहीन.

पहिल्या महिन्यात मी संपूर्ण फरशीवर व्हिनाइल टाकून घेतलं. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत एकसंध, फिकट करड्या रंगाचं. सहाही झाकणं त्याखाली गेली. वास बंद झाला. आणि दर शनिवारी मी सामान पलंगावर चढवून, बादली घेऊन, फरशी धुवायला लागले.

आता हे नीट सांगते, कारण सल्ला म्हणून याचाच काय तो उपयोग. बोटीला मोरी नसते. मी पाणी ओतायचे, खराट्याने घासायचे आणि पाणी कडेला लोटायचे. तिथे भिंतीचं लाकूड आणि व्हिनाइल यांत बोटभर फट होती. पाणी त्या फटीशी जायचं आणि नाहीसं व्हायचं. मी मनात म्हणायचे, छान, मुरलं. मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतलेल्या बाईला असा प्रश्न पडला नाही की मुरलं ते कुठे. जमिनीवर पाणी मुरतं. बोटीच्या खाली जमीन नसते. पोलादाचा पत्रा असतो, आणि त्यातून पाणी बाहेरून आत येऊ नये एवढ्यासाठीच तो असतो. आतलं पाणी बाहेर तरी कसं जाणार?

चार वर्षं मी दर शनिवारी माझ्या घराच्या तळात दोन बादल्या पाणी ओतत होते. साबणाचं, फिनाइलचं, ओट्याखालच्या तेलाचं, हळदीचं.

शेजारच्या बोटीवर एक गृहस्थ राहायचे, सत्तरीचे, पूर्वी मालवाहू बोटी चालवलेले. ते मला नावाने हाक मारायचे नाहीत, "बुरफ्राऊ" म्हणायचे, म्हणजे शेजारीणबाई. माणूस भला, पण दाढीत नेहमी काहीतरी अडकलेलं, आणि त्यांचा कुत्रा त्यांच्याच ताटातून खायचा. दुसऱ्या वर्षी एकदा मी सायकल बांधत होते तेव्हा ते काठावर येऊन उभे राहिले.

"बुरफ्राऊ, तुझ्या बोटीला वास येतोय. तू जरा खाली..."

मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. परदेशात राहिलेल्या कुठल्याही आपल्या माणसाला हे वाक्य पाठ असतं. ट्रेनमध्ये, ऑफिसच्या मायक्रोवेव्हपाशी, भाड्याच्या घरात, कुणीतरी नाक वर करून ते म्हणतंच. मी म्हणाले, "मी मसाले वापरते. आमच्याकडे अन्नाला चव असते. तुम्हाला त्रास होत असेल तर तुमची खिडकी लावा."

ते गोंधळले. "मी जेवणाबद्दल नाही..."

"कळलं मला," मी म्हणाले आणि आत जाऊन दार लावलं.

त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. डच माणूस एकदा सांगतो, ऐकलं नाहीत तर तुमचं तुम्ही बघा. आणि मी काय केलं, तर त्या दिवसापासून फोडणी टाकताना सगळ्या खिडक्या बंद करायला लागले, कुणाला बोलायला जागा नको. त्याने पोलादाच्या भिंतींवर आतून वाफ धरायची आणि तीही ओघळून खालीच जायची. स्वाभिमान मी असा जपला.

चौथ्या वर्षी विम्याचं पत्र आलं. बोट पाण्याबाहेर काढून तळाच्या पत्र्याची जाडी तपासून घ्या आणि दाखला पाठवा, नाहीतर विमा पुढे चालू राहणार नाही. नेमकी त्याच उन्हाळ्यात आई तीन महिन्यांसाठी आली होती. आल्या आल्या तिने बोट बघितली आणि म्हणाली, "फ्लॅट म्हनालीस ते बरं केलंस. हे सांगितलं असतं तर बायकांनी इचारलं असतं, पोरगी कोळीण झाली का म्हनून." पण दुसऱ्या दिवशी तिने फरशी बघितली आणि तिचा चेहरा खुलला. त्या शनिवारी आम्ही दोघींनी मिळून धुतली. तिसरी बादली तिने वाढवली.

बोट डॉकवर न्यायची तर चालवायला शेजारच्या काकांनाच विचारावं लागणार होतं. मनात त्यांना मी काकाच म्हणायचे. मी एक बाटली घेऊन गेले. ते लगेच हो म्हणाले, जुनं काही काढलं नाही. फक्त विचारलं, "बिल्ज शेवटचं कधी उघडलंस?"

"घेतली तेव्हा," मी म्हणाले.

त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "त्यावर फरशी टाकलीस ना तू."

"हो."

"आणि तू दर शनिवारी जे घासतेस, ते पाणी कुठे जातं?"

त्यांच्या खिडकीतून माझी बोट दिसत होती, आणि पहिल्यांदाच मला दिसलं की ती शेजारच्या बोटींपेक्षा पाण्यात चार बोटं जास्त बुडालेली आहे.

ते चाकू घेऊन आले. ओट्यासमोरचं व्हिनाइल त्यांनी चौकोनी कापलं, झाकणाच्या खाचेत पटाशी घातली आणि उचललं.

मी याआधी अनेक घाणी पाहिल्या आहेत. चाळीच्या सामाईक संडासाला रांग लावून मी मोठी झाले. पण तिथे घाण दुसऱ्याची असायची, नाक दाबून बाहेर पडता यायचं. इथे झाकण उघडल्यावर आधी वास आला नाही, ऊब आली. मग वास, कुजलेल्या अंड्याचा, आंबलेल्या भाताचा आणि त्यावर फिनाइलचा गोडसर पदर. लाद्या दिसतच नव्हत्या. वर काळं पाणी, त्यावर तेलाची इंद्रधनुषी साय, सायीवर फुगून बोटाएवढी झालेली भाताची शितं, मेथ्या, मोहरी, केसांच्या गुंडाळ्या. काकांनी पाण्यात काठी घातली तशी तळातून गिळगिळीत जाड चिखल वर आला, आणि त्याचा रंग नारंगी होता. मला क्षणभर वाटलं हळद. तो गंज होता.

आई मागे उभी होती. पदर नाकाला लावून म्हणाली, "काय गं हे? मेलेलं मांजार हाय का खाली?"

मी धावत बाहेर गेले आणि कालव्यात ओकले. परत आत आले तर काका शांतपणे म्हणाले, "यातलं काही कालव्यात टाकायचं नाही हं. तेल आहे." म्हणजे माझं चाललं असतं, त्या पाण्याचं चाललं नसतं.

पुढचे तीन दिवस आम्ही ते पाणी उपसलं. डब्यांनी, मग मगांनी, मग लोखंडी चमच्यांनी. पिंपात भरून गेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचरा केंद्रावर नेलं. काकांनी त्यांचा पंप दिला होता, पण तो केसांनी दोनदा अडकला, मग त्यांनी तो काढून घेतला. सहा झाकणं, खाली ऐंशी-नव्वद लाद्या, प्रत्येक लादीच्या पाठीला लोण्यासारखा थर. एकेक लादी उचलायची, थर खरवडायचा, लादी वर काठावर ठेवायची. हातमोज्यांच्या आत घाम साचायचा आणि मला वाटायचं ते पाणी आत शिरलं. दिवसातून चार वेळा मी मोजे काढून हात धुवायचे. आई एकदाही धुवायला थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा तोल गेला. मी तिला म्हणाले, "तुझ्यामुळे झालं हे. घर म्हणजे धुवायचं, धुवायचं, धुवायचं. दुसरं शिकवलंस काय?"

ती पोकळीत कमरेपर्यंत वाकली होती. वर न बघता म्हणाली, "मी दगडाची फरशी धुवाय शिकवली. पत्र्याच्या डब्यात पानी साठवाय न्हाई शिकवलं. ते तू कॉलेजात शिकलीस."

"कॉलेजात हे शिकवत नाहीत."

"मग काय शिकलीस एवढी? घरात डबा गंजला तर आमी पालथा घालतो उनात. एवढं बी म्हाईत न्हाई?" मग तिने वर बघितलं. तिच्या कपाळावर चिखलाचा फराटा होता. "आन उलट्या बंद कर. ही लोकांची घान न्हाई. आपलीच हाय."

मला उलट तेच सहन होत नव्हतं. लोकांची असती तर चाललं असतं.

रिकामी झाल्यावर बोट वर उचलली गेली, चार बोटं. आम्ही ती डॉकवर नेली, अर्ध्या दिवसाचा प्रवास. काका सुकाणूवर, त्यांचा कुत्रा माझ्या धुतलेल्या पायपुसण्यावर. आई पुढे बसून दोन्ही काठांवरच्या गाई मोजत होती. मी आत तळाशी टॉर्च घेऊन पडले होते, कारण काका म्हणाले होते की चिखल काढल्यावर कधीकधी गळती सुरू होते. चिखलानेच भोक बुजवलेलं असतं.

डॉकवर क्रेनने दोन रुंद पट्ट्यांत बोट उचलली आणि लाकडी ठोकळ्यांवर ठेवली. तळाला शिंपले, शेवाळ आणि मऊ गोगलगाईसारखं काहीतरी लोंबत होतं. ते उंच दाबाच्या पाण्याने झोडून काढतात. अंगावर जे शिंतोडे उडतात त्यांना मासळी बाजाराच्या गटाराचा वास येतो. बोटीवर राहणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं, की ठोकळ्यांवर असेपर्यंत आतला संडास वापरता येत नाही. चार मीटर शिडी उतरून डॉकच्या संडासात जावं लागतं, आणि तो डॉकवरच्या सगळ्या माणसांचा असतो. आई नऊवारी नाही, साधं गोल पातळ नेसते, खाली माझे स्पोर्ट्स शूज, आणि ती शिडीवरून उलटी उतरायची. पहिल्या दिवशी संडासातून परत आली आणि म्हणाली, "आपली चाळ बरी हुती."

तपासनीस एक बाई होती, पन्नाशीची, खांद्यावर पिशवी, हातात छोटी हातोडी. ती बोटीच्या पोटाखाली वाकून चालायची आणि हातभर अंतरावर एकेक ठोका मारायची. ठण. ठण. ठण. मग एक यंत्र लावायची, आकडा बघायची आणि खडूने पत्र्यावर लिहायची. पाच पूर्णांक दोन. पाच. पाच पूर्णांक तीन. काकांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, चार मिलिमीटरच्या खाली गेलं की तिथे नवा पत्रा. फार ठिकाणी खाली गेलं तर दाखला नाही, आणि मग विमा नाही, जागा नाही. पुढच्या अर्ध्या भागात सगळे आकडे पाचाचे होते. मी श्वास सोडला. आई खडूचे आकडे वाचत मागून चालत होती, तिला इंग्रजी आकडे येतात.

मग ती बाई ओट्याखालच्या भागाशी आली. ठण. ठण. आणि मग नुसता थप्प असा आवाज आला, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. तिने यंत्र लावलं नाही. पुन्हा जरा जोरात मारलं, आणि हातोडीचं टोक आत गेलं.

भोक रुपयाएवढं होतं. त्यातून काळ्या पाण्याचा एक थेंब बाहेर आला, तिच्या बाहीवर पडला. तिने तो हुंगला.

"बाहेरून हा पत्रा चांगला आहे," ती म्हणाली. "बाहेरचं पाणी चाळीस वर्षांत इतकं करू शकलं नाही. हे आतून झालंय. स्वयंपाकघर वर आहे का इथे?"

"हो."

"आणि बाथरूम?"

"त्याच्या मागे."

"कुणी आत पाणी ओततं?"

मी म्हणाले, "मी. फरशी धुते."

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ती हसेल. हसली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "किती वेळा?"

"दर आठवड्याला. चार वर्षं."

तिने वहीत काहीतरी लिहिलं. आई मला म्हणाली, "काय म्हनाली?" मी सांगितलं. आई म्हणाली, "तिला सांग, आमी घान न्हाई ठेवत." मी ते भाषांतर केलं नाही.

बाथरूमपासून ओट्यापर्यंत दोन मीटरचा पट्टा गेला होता. तिथे एकही आकडा साडेतीनच्या वर नव्हता. बाकी बोट शाबूत होती. ती बाई म्हणाली, तेवढा पत्रा कापून नवा वेल्डिंग करून बसवला तर ती दाखला देईल. पण वेल्डिंग करणारा आतून हात लावणार नाही, जोपर्यंत तिथलं तेल, साबण आणि गंज घासून कोरडं चकचकीत लोखंड दिसत नाही. ओलं असेल तर जोड धरत नाही, तेलकट असेल तर पेट घेतं. डॉकवरची माझी जागा शुक्रवारपर्यंत होती, पुढच्या सोमवारी दुसरी बोट येणार होती. तो दिवस मंगळवार होता.

म्हणून त्या आठवड्यात मी ऑफिसातून रजा घेतली आणि माझ्या घराच्या तळात झोपून तारेच्या ब्रशने पत्रा घासला. पाण्याचा एक थेंब वापरायचा नाही. हीच खरी शिक्षा होती. घाण दिसते, हातात ब्रश आहे, आणि पाणी ओतायचं नाही. आधी चिखलाच्या वाळलेल्या खपल्या, मग गंजाचे पापुद्रे, हाताएवढे मोठे, पापडासारखे मोडणारे. मग त्याखाली आणखी पापुद्रे. नाकातून काढलं की काळं निघायचं. थुंकी नारंगी. केसांत गंज, दातांत गंज. दुसऱ्या दिवशी जेवताना भाकरीला लोखंडाची चव लागली आणि मी ताट बाजूला सारलं. आई म्हणाली, "खा. वास तुझ्या हाताला हाय, भाकरीला न्हाई." ती वरून व्हॅक्यूमची नळी धरून बसायची आणि कोरड्या फडक्याने एकेक इंच पुसून घ्यायची. फडकं पाण्यात बुडवायला तिचा हात दोनदा गेला. दोन्ही वेळा तिने तो स्वतःच मागे घेतला.

लोक म्हणतात हाताने काम केलं की घृणा जाते. माझी गेली नाही. शुक्रवारी सकाळी वेल्डर आला, त्याने आत बोट फिरवलं, बोट बघितलं आणि मान हलवली, तेव्हाही मला तिथे वाकवत नव्हतं. त्याने जुना तुकडा कापून खाली टाकला. तो पत्रा नव्हता, जाळी होती. दुपारी नवा बसला, निळसर, जोडाच्या कडा अजून गरम. त्या बाईने येऊन ठोके मारले. ठण. ठण. खडूने लिहिलं, सहा.

"पाण्यात घातल्यावर बघ," ती म्हणाली. "कोरडा राहिला तर सोमवारी कागद पाठवते. ओलावा दिसला तर वर घेऊन पुन्हा जोडायचा, पण मग तुला नवी तारीख घ्यावी लागेल. आणि माझ्याकडे दोन महिने तारीख नाही."

दोन महिन्यांत विमा संपत होता.

क्रेनने बोट पुन्हा पट्ट्यांत घेतली आणि पाण्यात उतरवली, पण पट्टे सैल केले नाहीत. तशी पद्धतच आहे. मालकाने आत जाऊन बघायचं, आणि त्याने खूण केल्याशिवाय क्रेनवाला पट्टे सोडत नाही. काका काठावर उभे राहिले. आई आत माझ्याबरोबर आली.

मी ओट्यासमोर पोटावर पडले, डोकं आणि हात तळात. टॉर्च आईने धरला. नव्या पत्र्याच्या जोडावर मी बोट फिरवायला सुरुवात केली. पत्र्याच्या पलीकडे, सहा मिलिमीटरवर, कालवा होता. गारवा जाणवत होता. बोटांना वंगणाचा, जळक्या रंगाचा वास लागत होता आणि खाली अजूनही त्या जुन्या पाण्याचा गोडसर अंश होता.

मागच्या कोपऱ्यात बोटाला ओलं लागलं.

"काय झालं?" आई म्हणाली.

"थांब."

मी कोरड्या फडक्याने ते टिपलं. एक थेंब होता. आई म्हणाली, "पुन्ना बघ." मी बोट तिथेच ठेवून पडून राहिले. वर काका क्रेनवाल्याशी काहीतरी बोलत होते. तो घाई करत होता, त्याची सुट्टीची वेळ झाली होती. मी हलले नाही. मान अवघडली, नाकाच्या शेंड्यावर घाम गोळा झाला, आणि मी तो पडायच्या आत दुसऱ्या हाताने पुसला. किती वेळ गेला माहीत नाही. आईने टॉर्च या हातातून त्या हातात घेतला.

कोपरा कोरडा राहिला. मी नख घालून बघितलं, फडक्याचं टोक लावून बघितलं. फडक्याला काही लागलं नाही. मघाचा थेंब माझ्याच घामाचा असणार.

मी उठले. हात, कोपर, पोट सगळं काळं झालं होतं, आणि मला त्या क्षणी दुसरं काही नको होतं, फक्त गरम पाणी आणि साबण. पण आधी वर गेले आणि क्रेनवाल्याला हाताने खूण केली, पट्टे सोड.